डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा यांची माहिती मेंदूपर्यंत कशी पोहोचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयाच्या खोलीत आम्ही दर शनिवारी शाळकरी मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी विज्ञानवर्ग घेतो. वर्गात विचारले गेलेले आणि नंतर वाशी, कोपरखैरणे, डोंबिवली येथून चिठ्ठीने वा फोनवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपण पाहतो किंवा ऐकतो तेव्हा प्रकाश आणि आवाज मेंदूपर्यंत जातात का?

जात नाहीत. कवटीच्या आत पूर्ण अंधार असतो आणि मेंदूला बाहेरचे जग थेट कधीच भेटत नाही. प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंतच पोहोचतो. आवाजाची कंपने अंतर्कर्णात थांबतात आणि वासाचे रेणू नाकाच्या वरच्या भागातील ओलसर अस्तरावर अडतात. तेथील खास पेशी, ज्यांना ग्राही पेशी म्हणतात, या प्रकाशाचे, कंपनाचे किंवा रेणूचे रूपांतर विद्युत बदलात करतात आणि तो बदल चेतातंतूंमधून आवेगांच्या, म्हणजे क्षणिक विद्युत ठोक्यांच्या रूपाने पुढे जातो. मेंदूला मिळतात ते केवळ हे आवेग. त्यातून रंग, सूर आणि सुगंध उभा करण्याचे काम मेंदूचे आहे.

२. मग चेतातंतूतून वाहते ती घरातल्या तारेतली वीजच का?

नाही. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, तर चेतातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे विद्युतभारित कण तंतूच्या आवरणातून आतबाहेर होतात. शांत असताना तंतूचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. आवेग येताच सोडियमची दारे उघडतात, आतला भाग क्षणभर धन होतो आणि साधारण एका मिलिसेकंदात ती जागा पूर्ववत होऊ लागते, तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी म्हाकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून ही यंत्रणा १९५२ साली गणितासह मांडली आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले.

या पद्धतीमुळे संदेशाचा वेग तारेतील संदेशापेक्षा फारच कमी असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या चेतातंतूत तो मोजला तेव्हा सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरला. विचाराला वेळच लागत नाही, असे मानणाऱ्या त्या काळातील लोकांना हा आकडा धक्कादायक होता.

३. सगळे आवेग सारखेच असतील, तर हा आवाज आणि हा प्रकाश हे मेंदूला कळते कसे?

वर्गात सहावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि माझ्या मते या पानावरचा तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. डोळ्यातून निघालेला आवेग आणि कानातून निघालेला आवेग शेजारी ठेवले, तर त्यांच्यात ओळखू येईल असा फरक नसतो. फरक आहे तो कोणत्या तंतूतून तो आला आणि मेंदूच्या कोणत्या भागात उतरला यात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व मांडले.

त्याची प्रचिती आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. डोळ्यावर जोराचा फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेथे प्रकाश नसतो, फक्त दाब असतो. पण दृष्टिचेतेतून, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेतून काहीही आले तरी मेंदू ते उजेड म्हणूनच वाचतो. डोळे मिटून पापणीच्या कानाकडील कडेला बोटाने अगदी हलका दाब द्यावा, म्हणजे नाकाच्या बाजूला एक फिकट वर्तुळ दिसते. दाब एका बाजूला आणि वर्तुळ दुसऱ्या बाजूला, कारण दृष्टिपटलावरील प्रतिमा मुळात उलटीच पडते आणि मेंदू तिला सवयीप्रमाणे सुलट करून वाचतो. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा काचबिंदू असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.

४. हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांत फरक कसा कळतो? आवेग मोठा होतो का?

आवेग लहानमोठा होत नाही. तो एक तर पूर्ण उमटतो, नाही तर उमटतच नाही. जोर वाढला की दर सेकंदाला निघणाऱ्या आवेगांची संख्या वाढते आणि अधिक तंतू कामाला लागतात. एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात एकेका तंतूतील आवेग मोजून हे दाखवले. त्यांना १९३२ साली शेरिंग्टन यांच्यासह नोबेल मिळाले.

मात्र दुप्पट जोर म्हणजे दुप्पट जाणीव, असे होत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातून दोन किलो भाजीची पिशवी घेऊन निघालो असताना भाजीवाल्याने तीत एक लिंबू टाकले, तर हाताला पत्ता लागत नाही. तेच लिंबू रिकाम्या तळहातावर ठेवले तर लगेच कळते. मूळ वजनाच्या प्रमाणात पुरेसा बदल झाला तरच तो जाणवतो, हे अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली नोंदवले होते.

५. ज्ञानेंद्रिये पाचच आहेत ना?

परंपरेने पाच मोजली जातात आणि शाळेसाठी ते पुरेसे आहे. पण अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा (प्रश्न १४ पाहा), स्नायू आणि सांधे यांतील स्थितीची जाणीव, तापमान, वेदना, भूक, तहान या सर्वांचे स्वतंत्र ग्राही आहेत. अंधारात डोळे मिटूनही आपले बोट नाकाच्या शेंड्यावर नेमके टेकते, ते या स्थितीच्या जाणिवेमुळेच.

६. डोळा म्हणजे कॅमेराच, असे म्हणणे बरोबर आहे का?

भिंगापर्यंत बरोबर आहे. त्यापुढे ही उपमा दिशाभूल करते. एका दृष्टिपटलात अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या ६० लाख शंकुपेशी असतात, पण दृष्टिचेतेत तंतू असतात केवळ १० लाखांच्या आसपास. म्हणजे डोळा चित्र जसेच्या तसे पाठवतच नाही. कडा कोठे आहे, उजेड कोठे बदलला, काय हलले, अशी निवड दृष्टिपटलातच होते आणि निवडलेलेच पुढे जाते.

शिवाय जेथून दृष्टिचेता डोळ्याबाहेर पडते, तेथे ग्राही पेशीच नसतात. हा अंधबिंदू स्वतः पाहता येतो. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे १० सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. त्याच्या जागी भोकही दिसत नाही आणि काळा डागही नाही, तर कोरा कागद दिसतो. म्हणजे तेवढी जागा मेंदूने आजूबाजूच्या रंगाने भरून काढलेली असते. रेघांच्या वहीवर प्रयोग केला तर रेघाही जोडल्या जातात. वर्गात या क्षणी मुले कागद पुन्हा पुन्हा मागेपुढे करतात आणि मी त्यांना थांबवत नाही.

एक अपवादही सांगायला हवा, कारण परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी येथे चुकतात. बहुतेक ग्राही पेशी उद्दीपन मिळाल्यावर जास्त रसायन सोडतात, परंतु दंडपेशी व शंकुपेशी यांचे उलट आहे. त्या अंधारात सतत ग्लुटामेट सोडत राहतात आणि प्रकाश पडला की ते सोडणे कमी करतात.

७. उजव्या डोळ्याचे चित्र मेंदूच्या डाव्या भागात जाते, हे खरे का?

अर्धेच खरे. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तेथे नाकाकडील निम्मे तंतू बाजू बदलतात. परिणामी दोन्ही डोळ्यांना डावीकडे दिसणारे दृश्य उजव्या मेंदूत जाते आणि उजवीकडचे डाव्या. म्हणूनच मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा आघात झालेल्या एखाद्या रुग्णाला दोन्ही डोळे शाबूत असूनही ताटातील डावीकडची चटणी, कोशिंबीर दिसत नाही. घरच्यांना वाटते की भूक नाही. ताट फिरवून ठेवले की ते संपते.

८. उन्हातून नाट्यगृहात शिरल्यावर काही वेळ काहीच का दिसत नाही?

दुपारी तलावपाळीच्या झगझगीत उन्हातून गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग सुरू झाल्यावर शिरणाऱ्याला खुर्चीचा क्रमांक दिसत नाही, हा ठाणेकरांचा नेहमीचा अनुभव आहे. तीव्र प्रकाशात दंडपेशींमधील रंगद्रव्य विघटित झालेले असते आणि ते पुन्हा तयार होण्यास वेळ लागतो. शंकुपेशी ८-१० मिनिटांत सावरतात, दंडपेशींना पूर्ण क्षमतेसाठी अर्धा तास लागतो. हे द्रव्य जीवनसत्त्व अ पासून बनते. त्यामुळे एखाद्या मुलाला संध्याकाळनंतर नेहमीच कमी दिसत असेल, तर ती सवय समजू नये, डॉक्टरांना दाखवावे.

९. कानात हवेची कंपने आवेगात कशी बदलतात?

कानाचा पडदा हलतो, त्याला जोडलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ते हलणे अंतर्कर्णातील द्रवात उतरवतात. तेथे शंखासारखे अडीच वेटोळ्यांचे, सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचे कर्णावर्त आहे. उंच स्वर त्याच्या सुरुवातीच्या रुंद भागात आतली पातळ पडदी हलवतात, खालचे स्वर आतल्या टोकाशी. पेटीवर प्रत्येक सुराची पट्टी ठरलेली असते, तसाच हा प्रकार. जॉर्ज फॉन बेकेशी यांना या लाटेच्या अभ्यासासाठी १९६१ साली नोबेल मिळाले.

या पडदीवर केसपेशींच्या रांगा असतात. त्यांच्या टोकावरील सूक्ष्म केस वाकले की दारे उघडतात आणि या वेळी सोडियम नव्हे, तर पोटॅशियम आत शिरते. प्रश्न २ मधील नेहमीच्या क्रमाला हा अपवाद आहे. मेंदूकडे प्रत्यक्ष माहिती पाठवणाऱ्या आतल्या रांगेतील केसपेशी एका कानात केवळ साडेतीन हजारांच्या आसपास असतात. आपण ऐकलेले प्रत्येक वाक्य, प्रत्येक बंदिश त्यांच्यातून गेलेली असते. जिभेवरील रुचिपेशी काही दिवसांत नव्या होतात, वासाच्या चेतापेशीही आयुष्यभर बदलत राहतात. माणसाच्या केसपेशी मात्र मेल्या की पुन्हा येत नाहीत.

१०. ढोलपथकात वाजवून आल्यावर कानात शिट्टी वाजते. ती आपोआप जाते, मग काळजी कशाला?

दर भाद्रपदात हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर मी शक्य तितक्या गांभीर्याने देतो. शिट्टी थांबली म्हणजे हानी भरून आली, असे नाही. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसता येतो, असे धरले जाते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे मिळतात. ताशाजवळ उभा असलेला मुलगा तेवढा वेळ सरावाच्या पहिल्या फेरीतच ओलांडतो.

पहिला बळी जातो तो कर्णावर्ताच्या सुरुवातीचा, म्हणजे उंच स्वरांचा भाग. स, श, फ, ख या व्यंजनांची ओळख याच स्वरांत असते. म्हणून पुढे वय झाल्यावर तक्रार अशी असते: “ऐकू येतं हो, पण शब्द कळत नाहीत.” माझ्या वडिलांचे हेच वाक्य होते आणि आम्ही बराच काळ आवाज चढवून बोलत राहिलो, ज्याचा उपयोग नव्हता, समोर बसून सावकाश बोलण्याचा होता. पथकांनी ढोलाइतकेच कानातील बोंडेही (इअरप्लग) सामानाच्या यादीत धरावेत, एवढी विनंती आहे. कापसाचा बोळा पुरत नाही, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोंडे घ्यावेत.

११. तिखट ही चव नाही, असे मुलाच्या पुस्तकात आहे. मग मिसळ खाताना जिभेला कळते ते काय?

जळणे कळते. जिभेवरील रुचिपेशी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा पाच चवी ओळखतात. उमामी ही किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळी दाखवलेली चव आहे. मिरचीतील कॅप्सेसिन या पेशींना स्पर्शही करत नाही. ते वेदना वाहणाऱ्या तंतूंवरील अशा एका ग्राहीला चिकटते, जो एरवी ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने उघडतो. मेंदूला मिळणारा निरोप “भाजले” हाच असतो, म्हणूनच मामलेदार मिसळीची तर्री निवलेली असली तरी कपाळावर घाम येतो. डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राही १९९७ साली ओळखला आणि २०२१ चे नोबेल त्यांना व स्पर्शाचा ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना विभागून मिळाले. पुदिन्यातील मेंथॉल याच रीतीने थंडीचा ग्राही उघडते.

याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. ठेच्यासाठी मिरच्या निवडल्यावर बोटांची आग होते. बोटांना चव नसते, तरीही त्यांना तिखट “कळते”. पाण्याने आग शमत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे.

यावर आपल्या षड्रसांचे काय, असे विचारले जाते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे वर्गीकरण तोंडातील एकूण अनुभवाचे आहे आणि त्या दृष्टीने नेमकेही आहे. त्यात तिखट वेदनेच्या तंतूंतून आणि आवळ्याचा तुरटपणा मुख्यतः लाळेतील प्रथिने बांधली गेल्याने होणाऱ्या कोरड्या स्पर्शातून कळतो, इतकेच. जाता जाता: संस्कृतात “कटु” म्हणजे तिखट आणि “तिक्त” म्हणजे कडू, त्यामुळे जुने ग्रंथ मराठी कानाने वाचताना घोटाळा होतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळते, हा नकाशा मात्र चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सर्वत्र कळतात.

१२. एखाद्या वासाने जुनी आठवण एकदम का जागी होते? आणि तोच वास थोड्या वेळाने का जाणवत नाही?

इतर इंद्रियांची माहिती मेंदूच्या मध्यावरील थॅलॅमस या ठाण्यातून पुढे वाटली जाते. वासाचे तंतू नाकाच्या छतावरील चाळणीसारख्या हाडातून थेट घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वासासाठीच्या भागात जातात आणि तेथून थॅलॅमसला वळसा घालून भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतात. माणसात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली लावला, नोबेल २००४ साली मिळाले.

दुसऱ्या भागाचे उत्तर सवयीत आहे. ओहोटीच्या वेळी कळव्याजवळ गाडी खाडी ओलांडते तेव्हा चिखलाचा वास नवख्याला नाक दाबायला लावतो आणि रोजचा प्रवासी शांत बसलेला असतो. न बदलणाऱ्या उद्दीपनाला ग्राही पेशी आणि मेंदू दोघेही प्रतिसाद कमी करतात. यात एक धोका आहे: गॅसगळतीच्या खोलीत बराच वेळ असलेल्या माणसाचे नाक विश्वासाचे राहत नाही, बाहेरून आलेल्याचे मानावे.

१३. पायाला ठेच लागल्यावर आधी धक्का आणि मग कळ, असे का?

दोन्ही संदेश एकाच वेळी निघतात, पण वेगवेगळ्या तंतूंतून. स्पर्शाच्या जाड, आवरणयुक्त तंतूंचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर, म्हणजे लोकल गाडीपेक्षा जास्त. तीक्ष्ण वेदनेचे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतात आणि मागून येणाऱ्या ठणक्याचे बारीक, आवरणहीन तंतू अर्धा ते दोन मीटर, म्हणजे संध्याकाळी तलावपाळीवर रमतगमत फिरणाऱ्या माणसाच्या चालीने. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत यायला ठणक्याला एक-दोन सेकंद लागतात.

तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर हात मागे येतो तो तर कळ जाणवण्यापूर्वीच, कारण तो निर्णय मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातील चेतारज्जूत होतो. ठेचेवर आई हात चोळते त्यालाही आधार आहे: चोळण्याचा स्पर्शसंदेश मेरुरज्जूतच वेदनेची वाट काही प्रमाणात अडवतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी ही कल्पना १९६५ साली मांडली.

दंतवैद्याच्या भुलीबद्दलही येथेच सांगतो. लिग्नोकेन सोडियमची दारे बंद करते, त्यामुळे आवेग निघतच नाही. वेदनेचे बारीक तंतू आधी बंद पडतात. म्हणून दाढ काढताना दुखत नाही, पण ओढ जाणवते. ओढ जाणवली म्हणून घाबरू नये.

१४. माळशेजला जाताना मुलांना गाडी लागते. यात ज्ञानेंद्रियांचा काय संबंध?

अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या मेंदूला सांगतात की शरीर वळते आहे, हेलकावते आहे. मागच्या सीटवर मोबाइल पाहणाऱ्या मुलाचे डोळे मात्र “सर्व स्थिर आहे” असे सांगतात. या दोन विसंगत निरोपांतून मळमळ होते. मोबाइल ठेवून समोरच्या रस्त्याकडे किंवा दूरच्या डोंगराकडे पाहण्यास सांगावे. गाडी चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण त्याचे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत असतात.

१५. हृदयविकाराच्या झटक्यात दुखते डाव्या हातात. मेंदू चुकतो का?

होय, तो पत्ता चुकतो. हृदयाकडून येणारे वेदनातंतू आणि छाती व हाताच्या आतल्या बाजूचे तंतू मेरुरज्जूच्या एकाच पातळीवर शिरतात आणि तेथे काही पेशी दोघांसाठी सामाईक असतात. आयुष्यभर त्या मार्गाने त्वचेचीच खबर आलेली असल्याने मेंदू हातालाच दोष देतो. हात, जबडा किंवा पाठ दुखून घाम सुटत असेल, तर बाम चोळत वेळ घालवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. कापलेल्या पायाची बोटे दुखणे हेही याच जातीचे आहे: तंतूचे टोक गेले, पण मेंदूतील त्याचा पत्ता शिल्लक असतो (प्रश्न ३).

१६. मधुमेहात बधिरपणा पायापासूनच का सुरू होतो?

सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि सर्वांत आधी तेच थकतात. त्यामुळे मोज्यासारखा वर चढत जाणारा बधिरपणा येतो. दुखत नाही हीच येथे अडचण आहे: देवळाच्या तापलेल्या फरशीने फोड येतो आणि कळतही नाही. रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत.

१७. डोळा पूर्ण निरोगी असूनही दिसत नाही, असे होऊ शकते का?

होते. डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्राला इजा झाली, तर डोळे चांगले असूनही माणूस पाहू शकत नाही. अधिक वेळा आढळणारा प्रकार मुलांमधला आहे, ज्याला आळशी डोळा म्हणतात. एका डोळ्याचा नंबर मोठा असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्याच्याकडून येणारे धूसर चित्र हळूहळू नाकारू लागतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे चालते. चांगला डोळा दिवसातील काही तास झाकून मेंदूला दुसरा वापरायला लावणे, हा त्यावरील उपचार आहे आणि तो साधारण सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो.

उलट दिशेनेही मेंदू तितकाच लवचीक असतो. लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा तिचे दृष्टिकेंद्रही बोटांकडून आलेल्या माहितीवर काम करताना आढळते. ऐकण्याबाबत तर वेळेचे महत्त्व आणखी आहे: बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. प्रसूतिगृहातून घरी नेण्यापूर्वी “कानाची तपासणी झाली का?” असे विचारावे. बाळ झोपलेले असतानाच ती होते, सुई टोचावी लागत नाही आणि काही मिनिटे पुरतात.